विडाल चाचणी

विडाल चाचणी ही विषमज्वराच्या, म्हणजेच टायफॉइडच्या, निदानासाठी केली जाणारी रक्ततपासणी असून फ्रेंच वैद्य फेर्नां विडाल यांनी ती १८९६ मध्ये प्रसिद्ध केली. चाचणीत प्रत्यक्ष जंतू सापडत नाही; सालमोनेला टायफी या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे तेवढी मोजली जातात, आणि तिचे गुणदोष यातूनच उद्भवतात.

नळ्यांच्या पद्धतीत रुग्णाचा रक्तरस मिठाच्या पाण्याने १:२०, १:४०, १:८० असा दुपटीने विरल करत नेतात व प्रत्येक नळीत मृत जंतूंचे गढूळ द्रावण घालून नळ्या ३७° से. तापमानाला ठेवतात. प्रतिपिंडे पुरेशी असतील तर जंतू एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि वरचे पाणी नितळ होते. जंतूच्या शरीरावरील ‘ओ’ प्रतिजनामुळे (प्रतिजन म्हणजे प्रतिपिंडे ज्याला चिकटतात तो जंतूचा घटक) बसणारा साका रवाळ असतो, तर कशाभिकांवरील, म्हणजे जंतूच्या पोहण्याच्या शेपटीसारख्या तंतूंवरील, ‘एच’ प्रतिजनाचा साका पिंजलेल्या कापसासारखा सैल असतो व नळी हलवताच विखुरतो. असा साका दिसणाऱ्या शेवटच्या नळीचे प्रमाण अहवालात लिहिले जाते. काचपट्टीवरील चाचणी काही मिनिटांत होते, पण ती ढोबळ असते.

प्रतिपिंडे बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून दिसू लागतात. त्यामुळे तापाच्या सुरुवातीला केलेली चाचणी नकारार्थी आली तरी रोग नाही असे म्हणता येत नाही. उलट पूर्वी होऊन गेलेला विषमज्वर, लसीकरण, मलेरिया किंवा अन्य सालमोनेला जंतूंचा संसर्ग यांमुळेही ती होकारार्थी येऊ शकते. म्हणूनच १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन प्रतिपिंडांत चौपट वाढ झाली का, हे पाहणे ही तिची खरी रीत आहे. प्रत्यक्षात दुसरा नमुना क्वचितच घेतला जातो आणि एकाच आकड्यावर प्रतिजैविके सुरू होतात. यात औषध वाया जातेच, शिवाय तापाचे मूळ कारण शोधायचे राहून जाते, हे अधिक घातक.

खात्रीच्या निदानासाठी रक्ताचे संवर्धन, म्हणजे ब्लड कल्चर, करावे लागते. एक मिलिलिटर रक्तात अनेकदा जेमतेम एखादाच जिवंत जंतू असतो, म्हणून प्रौढाचे सुमारे १० मिलिलिटर रक्त, शक्यतो पहिल्या आठवड्यात व प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी, घेतात. तरीही सुमारे निम्म्या रुग्णांतच जंतू हाती लागतो. अस्थिमज्जेच्या संवर्धनात तो अधिक वेळा सापडतो, परंतु तो नमुना घेणे वेदनादायक असते. वाढलेल्या जंतूवर कोणते प्रतिजैविक लागू पडेल हेही संवर्धनातून कळते, आणि हे विडाल चाचणी कधीच सांगू शकत नाही.