जतन, संवर्धन आणि ढोरांचा दवाखाना

नागपूरचा अजब बंगला १८६३ सालचा. म्हणजे संग्रहालय ही चीज विदर्भाला दीडशेहून जास्त वर्षं ठाऊक आहे. ते सांभाळणं शिकावं लागतं, हे मात्र फार उशिरा सुचलं. वर्ध्याला १९३८ मध्ये ग्रामोद्योगांचं संग्रहालय उघडलं तेव्हाही ज्याला चरखा चालवता येतो त्याला तो राखताही येतो, असाच समज होता. तो अगदी चुकीचा होता असं मला वाटत नाही.

संग्रहालयशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ मध्ये सुरू झाले, पुढे कोलकात्यात आणि १९८९ मध्ये दिल्लीत. वस्तूंवरच्या रासायनिक उपचारांसाठी लखनौची प्रयोगशाळा, ती १९७६ची. हे सारं शिक्षण काचेच्या कपाटातल्या वस्तूंचं आणि पगारी माणसांचं. वैनगंगेकाठच्या पारावरची शेंदूर थापलेली मूर्ती किंवा रिद्धपूरच्या मठातली महानुभावांची पोथी या हिशेबात बसत नव्हती. त्या सांभाळणारे गुरव, महंत आणि शाळामास्तर कुणाच्याच हजेरीपटावर नव्हते.

खरा घोळ मात्र शब्दाने घातला. लखनौची प्रयोगशाळा हिंदीत जे काम करते त्याला ‘संरक्षण’ म्हणतात. मराठीत संरक्षण म्हटलं की सैन्य आठवतं, म्हणून सरकारी कागदांत ‘जतन व संवर्धन’ अशी जोडी रूढ झाली. जतन घरातलं, आजी लोणचंही जतन करते. पण संवर्धन म्हणजे वाढवणं. ग्रामपंचायतीच्या फलकावर पशुसंवर्धन असतं, तलावात मत्स्यसंवर्धन असतं. एका गावात आम्ही ‘संवर्धनाचं प्रशिक्षण’ म्हणालो, तर पारावरचे आजोबा म्हणाले, “ढोरायच्या दवाखान्यातले काय जी तुम्ही?” हसलो खरे, पण चूक त्यांची नव्हती. देवळाच्या संवर्धनाला पैसे आले की गाव ते वाढवतंच: पुढे सभामंडप, गाभाऱ्यात टाइल्स, काळ्या दगडावर ऑइलपेंट. प्रशिक्षणाचा पहिला धडा नेमका उलटा असतो, की हात लावू नका, कमीत कमी करा, आणि जे कराल ते पुन्हा काढता आलं पाहिजे. शब्द एक सांगतो, वर्ग दुसरंच. नुसतं ‘जतन’ ठेवावं असं म्हणणारे थोडे आहेत, मीही त्यांतलाच. समोरच्यांचं म्हणणं असं की, जतन म्हणजे नुसतं ठेवून देणं, त्यात उपचार येत नाही. वाद मिटलेला नाही.

पोथ्यांच्या बाबतीत २००३ पासून चित्र बदललं. केंद्राने हस्तलिखितांसाठी मोहीम काढली आणि अल्पमुदतीच्या कार्यशाळांमुळे पदवी नसलेल्यालाही चार गोष्टी शिकण्याची सोय झाली. गरज होतीच. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणलेली पानं मी पाहिली आहेत. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक पान न फाडता निघत नाही. दुसऱ्या एका पोथीला सेलोटेप लावलेला होता. टेप कधीच गळून पडला, मागे उरला पिवळा डाग आणि त्याखाली फुटलेली शाई. त्याच घरातली तिसरी पोथी लाल कापडाच्या बासनात, वेखंडाच्या पुरचुंडीसकट, धडधाकट होती. तिच्याकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं.

२०२५च्या अर्थसंकल्पात नवी मोहीम आली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी. आता भर आहे तो नोंदणी आणि स्कॅनिंगवर, त्यामुळे शिकवलं जातं तेही जास्त करून कॅमेरा आणि संगणक. एका घरी फोटो काढून झाल्यावर पोरांना बासन काही बांधता येईना. शेवटी आतून म्हातारीला हाक मारली. तिने कोपरे दुमडले, नाडा दोनदा फिरवला आणि पोथी फडताळात ठेवली.