परिवलनी कृष्णविवर

स्वतःभोवती फिरणारे कृष्णविवर. याचे गणिती वर्णन न्यूझीलंडचे रॉय कर यांनी १९६३ मध्ये शोधलेल्या आइन्स्टाइन-समीकरणांच्या उकलीतून मिळते. श्वार्ट्‌सशिल्ट यांची १९१६ ची उकल न फिरणाऱ्या कृष्णविवराची. पण कोसळणाऱ्या ताऱ्याचा कोनीय संवेग (फिरण्याची राशी) सहसा पुरता संपत नसल्याने तसे कृष्णविवर निसर्गात विरळाच असावे.

परिवलन ० (न फिरणारे) ते १ (कमाल शक्य) या परिमाणात सांगतात. फिरणारे कृष्णविवर भोवतालचे अवकाशही ओढत नेते. घटनाक्षितिजाबाहेरच्या (ज्यापलीकडून काहीच परत येत नाही त्या सीमेबाहेरच्या) ‘अर्गोस्फिअर’ या पट्ट्यात प्रकाशालाही परिवलनाच्या दिशेनेच फिरावे लागते.

या पट्ट्यातून परिवलनाची ऊर्जा काढता येते, हे रॉजर पेनरोज यांनी १९६९ मध्ये दाखवले: पट्ट्यात शिरलेला कण फुटून एक तुकडा आत पडला, तर दुसरा अधिक ऊर्जा घेऊन बाहेर येऊ शकतो. आदर्श स्थितीत वस्तुमानाच्या सुमारे २९ टक्क्यांपर्यंत ऊर्जा निघू शकते. मात्र त्यासाठी फुटणाऱ्या कणाचे तुकडे प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक सापेक्ष वेगाने विलग व्हावे लागतात, म्हणून ही क्रिया खगोलात निरुपयोगी ठरवली गेली. वाघ, धुरंधर आणि दधीच या भारतीय शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये चुंबकीय क्षेत्र जमेस धरून ही अट टाळता येते असे मांडले. मराठी लेखनात या कामाचा उल्लेख अधिक व्हायला हवा. तरीही आकाशगंगांच्या केंद्रांतून निघणाऱ्या झोतांसाठी चुंबकीय क्षेत्रामार्फत परिवलनाची ऊर्जा काढणारी ब्लँडफर्ड–झ्नायेक (१९७७) यांची यंत्रणाच अधिक पटणारी वाटते.

परिवलन येते कुठून, यावर एकमत नाही. क्ष-किरण जोडताऱ्यांतील (सोबतच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून क्ष-किरण निर्माण करणाऱ्या जोड्यांतील) अनेक कृष्णविवरे वेगाने फिरताना आढळतात, तर गुरुत्वीय लहरींतून (अवकाशाच्या ताणातील तरंगांतून) उमगलेल्या कृष्णविवरांच्या बहुतेक जोड्यांमधली विलयापूर्वी संथ दिसतात. जन्मप्रक्रिया निराळ्या असाव्यात; मोजणीतील गृहीतकांचाही वाटा असू शकतो. विलयानंतरचे परिवलन मात्र मुख्यतः कक्षीय संवेगातून येते: गुरुत्वीय लहरींच्या २०१५ च्या पहिल्या नोंदीत ते सुमारे ०.६७ होते.

मराठवाड्याशी या विषयाचा संबंध हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पामुळे आला. त्यास २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. प्रत्येकी ४ किमी लांबीच्या दोन भुजांचा हा शोधक दुर्बीण नव्हे. तो लांबीतील अतिसूक्ष्म फरक टिपतो. अमेरिकेतील दोन्ही लायगो शोधकांच्या भुजा जवळजवळ समांतर असल्याने त्यांना लहरींचे ध्रुवीकरण (अवकाश कोणत्या दिशांनी ताणले-आकुंचले जाते) नीट उलगडत नाही. औंढ्याचा शोधक वेगळ्या प्रतलात असल्याने ते अधिक स्पष्ट होईल. त्यावरून जोडीची कक्षा किती कललेली आहे आणि परिवलनामुळे ती कशी डोलते, याचा अंदाज सुधारेल.