तुमची खरेदी कुठल्या पायरीवर आहे? फाउंड्री मालकांसाठी माहितीपत्रक

तुमच्याकडे परचेस कोण बघतं, त्यांना एकदा विचारा, ‘यंदा कंपनीला काय साधायचंय?’ ‘रेट खाली आणायचे’ एवढंच उत्तर आलं, तर पुढचा मजकूर जरूर वाचा. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले भागातल्या लहान-मध्यम फाउंड्रींच्या (ओतकाम कारखान्यांच्या) खरेदीची आम्ही तपासणी करतो. त्यात काय बघतो आणि का, ते इथे मांडलं आहे.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. मालकांनी ठरवलं, पंपाच्या साध्या ग्रे आयर्न (ठिसूळ बीड) कास्टिंगवरून गाड्यांच्या एसजी आयर्न (न तुटता ताणलं जाणारं ओतीव लोखंड) पार्टकडे जायचं. मार्केटिंगला सांगितलं, मेथड्सला (ओतकामाची पद्धत ठरवणाऱ्या विभागाला) सांगितलं, नवी भट्टी घेतली. परचेसला मात्र कुणी काही सांगितलं नाही. त्यांचं काम आजही किलोमागच्या भावावरच मोजलं जातं, म्हणून ते दोन रुपयांनी स्वस्त मिक्स स्क्रॅप आणतात. एसजी आयर्नच्या ४००/१५ ग्रेडला मँगेनीज साधारण ०.२ टक्क्यांच्या आसपास रोखावं लागतं. स्ट्रक्चरल भंगारात ते त्याच्या कितीतरी पट असतं. मग इलाँगेशन (तुटण्याआधी ताणलं जाण्याची क्षमता) मिळत नाही आणि लॉट परत येतो.

हिशेब करून बघू. दहा टन स्क्रॅपवर वाचले वीस हजार. समजा त्यापायी एक टन कास्टिंग रिजेक्ट झालं. रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटांतला जादा धातू) धरून त्यासाठी दीड टनाच्या आसपास धातू पुन्हा वितळवावा लागतो. टनाला ६०० युनिट आणि युनिटला नऊ रुपये धरले, तर आठ हजार रुपये नुसत्या विजेत गेले. वाळू, कोअर (पोकळीसाठीचा वाळूचा गाभा), फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), गाडीभाडं आणि ग्राहकाची मशिनिंगची डेबिट नोट (बिलातून कापलेली रक्कम) वेगळीच. वीस हजारांतलं हाती काय उरलं? परचेसवाल्या माणसाची यात चूक नाही. त्याला जे मोजमाप दिलं होतं, ते त्याने चोख पाळलं.

म्हणून तपासणीत आम्ही आधी कागद मागतो. टॅलीतलं (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं) बारा महिन्यांचं परचेस रजिस्टर घेतो आणि त्यातली काही बिलं निवडून इंडेंटपासून (मालाच्या मागणीच्या चिठ्ठीपासून) पेमेंटपर्यंत मागे-पुढे तपासतो. माल गेटवर आल्यानंतर बनवलेल्या पीओ (परचेस ऑर्डर) किती आहेत, यावरून बरंच कळतं. त्या जास्त असतील, तर खरेदी पहिल्या पायरीवर आहे: कमी पडलं की फोन, फोन केला की माल. तीन कोटेशन, लेखी पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) नियमित असेल तर दुसरी पायरी. त्यापुढे पुरवठादाराचा लॉट आणि आपलं रिजेक्शन यांची सांगड घातलेली असते, टेस्ट सर्टिफिकेट फाइलला लावण्याआधी स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) पडताळलेलं असतं. आणि सगळ्यात वर, नव्या पार्टचं कोटेशन ग्राहकाला जाण्याआधी परचेसचा माणूस चर्चेला बसलेला असतो.

प्रत्येकाने शेवटची पायरी गाठायलाच हवी, असं आम्ही सांगत नाही. जॉबिंगवर (सुट्या, लहान ऑर्डरवर) चालणाऱ्या छोट्या ग्रे आयर्न फाउंड्रीला दुसरी पायरी नीट सांभाळली तरी पुरते. शंभरपैकी गुण देणंही आम्ही मुद्दाम टाळतो, कारण मग सगळे त्या आकड्यामागे धावतात.

पुढचं काम मालाची विभागणी. पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये मांडलेली चौकट इथे आजही उपयोगी पडते. प्रश्न दोनच: या मालाचा नफ्यावर परिणाम किती, आणि तो मिळण्यात धोका किती? स्क्रॅपवर पैसा मोठा जातो, पण देणारे पुष्कळ, तिथे जरूर घासाघीस करा. इनॉक्युलंट (वितळलेल्या लोखंडात शेवटी टाकायचं थोडंसं मिश्रण) किंवा भट्टीच्या कॉइलचं उलट असतं: वर्षाचा खर्च किरकोळ, पण नसेल त्या दिवशी हीट (भट्टीतलं वितळवणं) थांबते. तिथे भाव सोडून साठा आणि दुसरा पुरवठादार बघायचा. पिग आयर्न (भट्टीत घालायचं कच्चं लोखंड) कर्नाटकातल्या कोप्पळहून येतंय की गोव्याहून, यावर भाडं आणि वेळ ठरते, म्हणून त्याचं नियोजन ऑर्डर बुकसोबतच करावं लागतं.

पेमेंटचा विषय बरेच जण अकाउंट्सवर सोडतात. आमच्या मते तो धोरणाचाच भाग आहे. पॅटर्न शॉप (साच्याचे नमुने बनवणारे), कोअरवाले, मशिनिंगचे जॉबवर्कवाले बहुतेक सूक्ष्म किंवा लघु उद्योग असतात. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार त्यांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे, मुदत टळलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्यावर त्या वर्षीच खर्चात धरली जाते. मार्चअखेर थकलेली बिलं म्हणजे वाढीव करपात्र नफा. केवळ व्यापार करणारे भंगारवाले यात येत नाहीत, म्हणून पुरवठादारांची उद्यम नोंदणी (सरकारी एमएसएमई नोंदणी) तपासून यादी वेगळी करावी लागते. आणि ज्या पॅटर्नवाल्याच्या जिवावर नवे पार्ट वेळेत द्यायचे, त्यालाच नव्वद दिवस थांबवलं, तर तो तुमचं काम सगळ्यांच्या शेवटीच हातात घेणार.

पहिल्या बैठकीला मालक किंवा भागीदार स्वतः हवेत. सोबत परचेस रजिस्टर, सहा महिन्यांचे रिजेक्शन रिपोर्ट आणि पुढच्या दोन वर्षांत कुठले ग्राहक, कुठले ग्रेड हवेत त्याची साध्या कागदावर लिहिलेली यादी आणा. ही यादी परचेसच्या माणसासमोरच वाचायची आहे, म्हणून त्यालाही त्या दिवशी मोकळा ठेवा.