ऑनलाइन इनटेक फॉर्म (मानसोपचार व समुपदेशन)

ऑनलाइन इनटेक फॉर्म म्हणजे थेरपीसाठी येऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीने पहिल्या सेशनआधी इंटरनेटवरून भरून द्यायची माहिती. त्यात साधारणपणे संपर्काचा तपशील, येण्याचे कारण, आधीचे उपचार, चालू औषधे, लक्षणांच्या प्रश्नावल्या आणि संमतिपत्र असते. कागदी फॉर्म बाहेरच्या बाकावर, शेजारी अनोळखी माणसे बसलेली असताना घाईत भरला जातो. ऑनलाइन फॉर्म घरी, स्वतःच्या वेळेने भरता येतो. औषधाची पट्टी हातात धरून नाव आणि मात्रा नीट उतरवता येते. दारू, लैंगिक अडचण, स्वतःला इजा करून घेणे अशा, तोंडाने सांगायला जड जाणाऱ्या गोष्टीही अनेकजण टाइप करून सांगतात.

फॉर्ममध्ये विचारलेला प्रत्येक प्रश्न हा ‘हे कोणीतरी वाचणार आहे’ असा शब्द दिल्यासारखा असतो. म्हणून थेरपिस्ट पहिल्या सेशनआधी जे वाचणार नाही आणि ज्यावर काही करणार नाही, ते फॉर्ममध्ये विचारू नये. पंधरा-वीस मिनिटांत भरून होईल एवढाच फॉर्म असावा. त्याहून लांबला की माणसे मधेच सोडतात किंवा शेवटची पाने न वाचता टिक करत जातात, आणि नेमके संमतिपत्र बहुधा शेवटच्या पानावर असते.

संपर्काचा भाग किरकोळ समजला जातो, पण चुका तिथेच फार होतात. फोन नंबर विचारून भागत नाही. या नंबरवर फोन केला तर दुसरे कोणी उचलते का, मेसेज पाठवला तर चालेल का, पाठवणाऱ्याचे नाव काय दिसावे, हेही विचारावे लागते. टेबलावर पडलेल्या फोनच्या स्क्रीनवर ‘उद्या ४ वाजता तुमचे थेरपी सेशन’ अशी ओळ उमटली, तर ज्याने घरात काही सांगितलेले नाही त्याची गोष्ट तिथेच उघडी पडते. आठवणीच्या मेसेजमध्ये फक्त दिवस आणि वेळ पुरते.

येण्याच्या कारणासाठी एकच मोकळा प्रश्न ठेवावा. ‘आत्ता यावंसं का वाटलं?’ हा प्रश्न ‘तुमची समस्या सांगा’पेक्षा बरेच अधिक सांगून जातो. उत्तराची चौकट चार-पाच ओळींची असावी. एका ओळीची दिली तर लोक ‘टेन्शन’ एवढेच लिहितात. औषधांसाठी मात्र मोकळी चौकट उपयोगाची नाही, कारण तिथे ‘बीपीची गोळी’ असे उत्तर येते. नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि कधीपासून असे वेगळे रकाने लागतात. थायरॉइडचा त्रास आहे का, हे स्वतंत्र विचारावे. थायरॉइड मंदावल्यावर येणारा थकवा आणि उदासपणा नैराश्यासारखाच दिसू शकतो.

आघात आणि अत्याचाराबद्दल तपशील मागू नये. माणूस एकटा स्क्रीनसमोर बसून ते सगळे उकरून काढतो आणि त्याला सावरायला जवळ कोणी नसते. ‘पूर्वी घडलेल्या एखाद्या गोष्टीविषयी पुढे बोलायचे आहे का?’ एवढे विचारावे आणि उत्तरांत ‘आत्ता सांगायचे नाही’ हा पर्याय ठेवावा. अशा प्रश्नावर सक्तीची तारांकित खूण लावणे ही मोठी चूक आहे. पुढच्या पानावर जाता यावे म्हणून माणूस ‘नाही’ टिक करतो आणि ते खोटे ‘नाही’ नोंदीत वर्षानुवर्षे राहते.

लक्षणांसाठी नैराश्याची पीएचक्यू-९ (२००१) आणि चिंतेची जीएडी-७ (२००६) या प्रश्नावल्या अनेक ठिकाणी वापरतात. दोन्हींत गेल्या २ आठवड्यांविषयी विचारलेले असते आणि प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात. पीएचक्यू-९ची बेरीज ० ते २७ होते. ५, १०, १५ आणि २० या गुणांपासून अनुक्रमे सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र नैराश्य धरले जाते. जीएडी-७ची बेरीज ० ते २१ असून चिंतेच्या पायऱ्या ५, १० आणि १५ पासून मोजतात. या चाळण्या आहेत, निदान नव्हे. शब्द आपल्या मनाने बदलू नयेत, तपासून प्रमाणित केलेले भाषांतरच वापरावे. ऑनलाइन मांडणीत गुणांची गडबड सहज होते. सुटलेल्या प्रश्नाला सॉफ्टवेअर शून्य धरते आणि बेरीज खाली येते. या लक्षणांमुळे रोजची कामे किती अवघड झाली, हा शेवटचा जादा प्रश्न बेरजेत धरायचा नसतो, तो चुकून धरला जातो. बेरीज भरणाऱ्याला लगेच दाखवू नये. रात्री एकट्याने बसलेल्या माणसासमोर लाल अक्षरांत ‘तीव्र’ असा शब्द येणे अजिबात बरे नव्हे.

पीएचक्यू-९चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे, आणि सगळ्या फॉर्मची खरी कसोटी तिथे लागते. शनिवारी रात्री २ वाजता कोणी तिथे ‘जवळजवळ रोज’ निवडले आणि फॉर्म सोमवारी सकाळी उघडला गेला, तर मधल्या तासांची जबाबदारी कोणाची, हे फॉर्म सुरू करण्याआधी ठरलेले असावे लागते. प्रश्नाच्या आधीच, ठळक अक्षरांत, ‘हा फॉर्म लगेच वाचला जात नाही’ असे लिहावे. ० सोडून कोणतेही उत्तर निवडताच त्याच पानावर तातडीच्या मदतीचा नंबर आणि एका स्पर्शात फोन लावायचे बटण दिसावे. ही खबर कोणाकडे जाते, ती व्यक्ती रजेवर असेल तर कोण पाहते, किती तासांत फोन करायचा, हे लेखी हवे. हे करता येत नसेल तर हा प्रश्न फॉर्ममधून काढून भेटीत समोरासमोर विचारावा. त्यासाठी संपूर्ण पीएचक्यू-९ भेटीत भरून घ्यावी किंवा नववा प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ वापरावी. पीएचक्यू-९मधला एक प्रश्न गाळून तिचीच बेरीज म्हणून नोंदवू नये.

गोपनीयतेबाबत ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हावर विसंबून राहता येत नाही. ते फक्त माहिती वाटेत सुरक्षित असल्याचे सांगते, ती कुठे साठते आणि कोण उघडू शकते हे नाही. साध्या ईमेलमधून गळती सहज होते. फॉर्म आला की सगळी उत्तरे ईमेलने पाठवायची सोय अनेक सेवांत असते, ती बंद करून ‘नवीन फॉर्म आला’ एवढीच सूचना ठेवावी. फॉर्मच्या पानावर जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकर (पान उघडणाऱ्याचा माग ठेवणारे कोड) नसावेत. डाउनलोड केलेल्या फाइली संगणकावर तशाच पडून राहतात, त्याही आठवणीने काढाव्या लागतात. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या नियमांत कलम ९ प्रमाणे आरोग्याची माहिती जास्त संरक्षणाच्या विशेष वर्गात मोडते. अमेरिकेत आरोग्याच्या माहितीच्या गोपनीयतेसाठी असलेल्या हिपा कायद्याखाली येणाऱ्या थेरपिस्टला अशी माहिती हाताळणाऱ्या फॉर्म-सेवेशी लेखी करार करावा लागतो.

जोडप्यांच्या थेरपीत दोघांना स्वतंत्र लिंक द्यावी. एकाने लिहिलेले दुसऱ्याला कळणार का, हे फॉर्मच्या आधीच स्पष्ट करावे. मारहाणीविषयीचा प्रश्न फक्त स्वतंत्र फॉर्ममध्ये यावा आणि उत्तरांची प्रत भरणाऱ्याच्या ईमेलवर आपोआप जाऊ देऊ नये, कारण तो ईमेल दोघेही पाहत असू शकतात. किशोरवयीनांसाठी पालकांचा फॉर्म वेगळा आणि मुलाचा वेगळा असतो.

वेळ ठरताच लिंक पाठवून फॉर्म ४८ तास आधीपर्यंत मागवावा आणि एकदाच आठवण करावी. अर्धवट फॉर्ममुळे सेशन रद्द करू नये, राहिलेले तिथे बोलून भरता येते. ज्यांना वाचायला किंवा टाइप करायला जमत नाही त्यांच्यासाठी फोनवरून भरून घेण्याची सोय असावी. भेटीआधी दहा मिनिटे फॉर्म वाचून ‘तुम्ही लिहिलंय की तीन महिने झोप नाही, तिथून सुरू करूया का?’ असे म्हटले की लिहिण्याचे कष्ट वाया गेले नाहीत हे समोरच्याला कळते. तेच सगळे पुन्हा विचारले तर ‘फॉर्ममध्ये लिहिलं होतं’ असे उत्तर येते आणि पुढचे बोलणे आखडते. गोपनीयतेच्या मर्यादा, फी आणि रद्द करण्याचा नियम मात्र टिक झालेला असला तरी तोंडी पुन्हा सांगावा. संमतिपत्राची कोणती आवृत्ती कोणत्या तारखेला मान्य केली, हे नोंदीत राहिले पाहिजे.

फॉर्म लोकांना देण्याआधी थेरपिस्टने तो स्वतः जुन्या फोनवर, संथ नेटवर्कवर भरून पाहावा. मधेच मागे जायचे बटण दाबले तर लिहिलेले टिकते का, हे तपासावे. जन्मतारखेचे कॅलेंडर चालू महिन्यावर उघडत असेल, तर साठ वर्षांच्या माणसाला ७२० महिने मागे सरकावे लागते. तिथे तारीख टाइप करायची जागा द्यावी.