मिनी ट्रॅक्टर घेताना आधी गवत बघा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ट्रॅक्टर बघायला आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "किती एचपीचा घेऊ?" आम्ही उलट विचारतो, "गवत किती उंच वाढतं? आणि फाटक किती रुंद आहे?" काहींना ही टाळाटाळ वाटते. पण गवत ट्रॅक्टर कापत नाही, त्याच्या मागचं यंत्र कापतं. म्हणून आधी यंत्र ठरवायचं, ते फिरवायला किती ताकद लागते ते काढायचं आणि मग ट्रॅक्टरकडे वळायचं. उलट्या क्रमाने गेलेले लोक दोन वर्षांनी आमच्याकडे यंत्र बदलायला येतात, नाहीतर ट्रॅक्टर विकायला.

गवत कसलं, तसं यंत्र

आठ-पंधरा दिवसांनी कापलं जाणारं, घोट्याएवढं गवत असेल तर फिनिशिंग मोअर घ्या. त्यात तीन पाती असतात आणि एकाचा फेरा शेजारच्याच्या फेऱ्यावर थोडा चढतो, त्यामुळे मध्ये न कापलेली रेघ राहत नाही. हिरवळ नीटनेटकी दिसते ती यामुळेच. मात्र हे यंत्र गुडघाभर गवतात घातलं की पाती फिरवणारे पट्टे घसरतात, जळतात आणि आठवड्याभरात तुम्ही आमच्या दारात.

वाढलेलं गवत, तण, अंगठ्याएवढ्या जाडीची झुडपं यासाठी स्लॅशर. गिअरबॉक्सखाली एक जड तबकडी आणि तिला बोल्टवर मोकळी झुलणारी पाती, इतकाच त्याचा कारभार. दगड किंवा खुंट लागला की पातं मागे सरतं, म्हणून रांगड्या कामाला ते टिकतं. कापणी दिसायला ओबडधोबड असते आणि खडे लांबवर उडतात, हे मात्र गृहीत धरा.

तिसरा प्रकार फ्लेल मोअरचा, ज्याला बरेच जण मल्चर म्हणतात. आडव्या रोलरवर ओळीने लटकलेली लहान लहान पाती गवताचा बारीक चुरा करतात. दगड कमी उडतात, म्हणून घराजवळ आणि वाटेकडेला हे बरं. पण ते महाग, जड, आणि पाती मोजून मोजून बदलावी लागतात.

आता ताकदीचा हिशेब. स्लॅशरला दर फूट रुंदीमागे साधारण ५ एचपी धरायचे. म्हणजे ४ फुटी स्लॅशरला २०, ५ फुटीला २५. हलक्या गवताला कमी चालतं, झुडपांना जास्त लागतं, आणि फ्लेलला त्याच रुंदीत थोडी वरची बाजू धरलेली बरी. पण हे एचपी पीटीओवरचे, इंजिनाचे नव्हेत. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे बाहेर आलेला, यंत्र फिरवणारा खाचांचा दांडा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा इंजिनाचा असतो. पीटीओपर्यंत पोचेस्तोवर त्यातले १० ते २० टक्के वाटेत खर्च होतात, हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गाडीत जरा जास्तच. तेव्हा ५ फुटी स्लॅशरसाठी २५ एचपीची नव्हे, ३० च्या आसपासची गाडी बघा. गाडीच्या माहितीपत्रकात 'पीटीओ एचपी' ही ओळ शोधा. ती नसेल तर विक्रेत्याकडून लिहून घ्या, आमच्याकडूनसुद्धा.

यंत्राची रुंदी निदान मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांइतकी हवी, नाहीतर चाकाखाली दबलेलं गवत तसंच राहतं आणि दोन दिवसांनी उभं राहून तुमच्याकडे बघतं. शिवाय फाटक. ट्रॅक्टर गेला आणि यंत्र अडकलं, हे आम्ही एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

कापायला वेळ किती लागेल, तेही घरबसल्या काढता येतं. दीड मीटर रुंदीचं यंत्र ताशी ५ किलोमीटरने नेलं तर कागदावर तासाला ७,५०० चौरस मीटर होतात. वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे यात पाचवा हिस्सा जातो, उरले ६,०००, म्हणजे सुमारे दीड एकर. तुमची जागा एकरभराच्या आत, सपाट आणि नुसती हिरवळ असेल, तर ट्रॅक्टर घेऊच नका. बसून चालवायचं साधं मोअर पुरतं. ट्रॅक्टर विकूनच आमचं पोट चालतं, तरी हे सांगतो, कारण नाराज ग्राहक सांभाळणं त्याहून महाग पडतं.

पीटीओ कोणत्या जातीचा?

आमच्या मते खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हा. जुन्या किंवा साध्या गाड्यांत एकच क्लच असतो. तो दाबला की चाकं आणि पीटीओ दोघांचा इंजिनाशी संबंध तुटतो. पण पीटीओ आणि चाकं आतून गिअरबॉक्समार्फत एकमेकांना जोडलेलीच राहतात. आता मागे स्लॅशरची जड पाती गरगर फिरताहेत असं समजा. तुम्ही कुंपणापाशी क्लच दाबता, पाती काही लगेच थांबत नाहीत, आणि त्यांचा जोर जोडदांड्यातून (शाफ्टमधून) उलटा येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. क्लच दाबलेला, तरी गाडी चालू! पहिल्यांदा हा अनुभव येतो तेव्हा माणूस गांगरतो, आणि गांगरायला जागा नसते.

अशी गाडी असेल तर पीटीओच्या दांड्यावर एकाच दिशेने ताकद सोडणारी फ्रीव्हील कपलिंग बसवून घ्या. सायकलचं पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, तीच युक्ती. नवीन घेत असाल तर स्वतंत्र क्लचवर चालणारा, म्हणजे इंडिपेंडंट पीटीओ मागा. अर्धा क्लच दाबून गाडी थांबवायची आणि यंत्र चालू ठेवायचं, ही दोन टप्प्यांच्या क्लचची सोयही वाईट नाही.

गिअर की हायड्रोस्टॅटिक, यावर आमच्यातच एकमत नाही. झाडाझुडपांत, वळणावळणाच्या आवारात, सारखं पुढे-मागे करायचं असेल तर हायड्रोस्टॅटिक: पायाच्या पेडलवर वेग कमी-जास्त, इंजिनाचा वेग तसाच. लांब सरळ पट्टे आणि ओढकाम असेल तर गिअरची गाडी स्वस्त, साधी आणि ताकद कमी खाणारी.

मागची तीन टोकांची जोडणी, म्हणजे थ्री पॉइंट, या आकारात बहुधा कॅटेगरी १ ची असते. खालच्या हातांच्या पिना २२ मिलिमीटरच्या, वरच्या मधल्या दांड्याची, म्हणजे टॉप लिंकची, १९ मिलिमीटरची. अगदी छोट्या गाड्यांवर त्याहून लहान माप येतं, म्हणून यंत्र जुनं घेणार असाल तर पिना मोजूनच घ्या. संशोधक हॅरी फर्ग्युसन यांची ही जोडणी १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर आली आणि पुढे सगळ्यांनी तीच उचलली. त्यामुळेच आज एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला लागतं.

टायरांचं थोडक्यात: उंच नक्षीचे शेतीचे टायर हिरवळ उकरतात, रुंद चपट्या नक्षीचे टर्फ टायर चिखलात घसरतात, आणि मधले इंडस्ट्रियल टायर दोन्हीकडे बरे चालतात. पुढचा लोडर, म्हणजे माती उचलणारं खोरं, लागणार नसेल तर नुसता शोभेला घेऊ नका.

जुनी गाडी घेताना

गाडी बघायला गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. इंजिन गरम लागलं, तर तुम्ही यायच्या आत कुणीतरी ते चालू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं सुरू होतं हेच तर बघायचं असतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी न सांगता जा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. मागच्या जोडणीच्या लिफ्टवर जड यंत्र उचलून इंजिन बंद करा आणि बघत राहा. यंत्र काही मिनिटांतच खाली बसलं तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. तासांच्या मीटरवर फार भिस्त ठेवू नका. जुन्या यांत्रिक मीटरचा तास इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजला जातो, घड्याळावर नव्हे. हळू चालवलेल्या गाडीचे खरे तास मीटरपेक्षा जास्तच असतात.

जोडताना आणि कापताना

नवीन यंत्राचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे पीटीओ आणि यंत्र जोडणारा, एकात एक सरकणारा दांडा, बऱ्याचदा तुमच्या गाडीला लांब पडतो. तसाच बसवला, तर लिफ्ट उचलताना त्याची दोन्ही टोकं एकमेकांवर आपटतात आणि गिअरबॉक्सचं सील किंवा बेअरिंग जातं. सर्वांत आखूड अवस्थेत निदान अडीच सेंटीमीटर मोकळीक राहील इतका तो कापावा लागतो. आम्ही गाडीला लावून, मापून कापून देतो. घाईत घरी न्यायला बघू नका.

स्लॅशरची पुढची कड मागच्यापेक्षा एक-दोन सेंटीमीटर खाली ठेवा. पातं गवताला पुढेच एकदा कापतं आणि तेच गवत पुन्हा पुन्हा चिरण्यात ताकद वाया जात नाही. पीटीओ कमी वेगावर जोडा, मग इंजिन वाढवून पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणा आणि तिथेच ठेवा. गवत दाट आलं तर ट्रॅक्टरचा वेग कमी करा, इंजिनाचा नव्हे. पात्याचा वेग पडला की गवत कापण्याऐवजी ओरबाडलं जातं आणि शेंडे पिवळे-तपकिरी होतात. हिरवळीची उंची एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त उतरवू नका. फारच वाढली असेल तर चार दिवसांच्या अंतराने दोनदा कापा.

शाफ्टच्या जोडावरचा शिअर बोल्ट तुटला की वैताग येतो, कबूल. तो तुटण्यासाठीच असतो. एक गृहस्थ सारखं बदलायचा कंटाळा आला म्हणून तिथे चांगला कडक बोल्ट घालून मोकळे झाले. पुढच्या खुंटाला बोल्ट शाबूत राहिला, गिअरबॉक्सचे दात गेले. त्या बोल्टांची पिशवी सीटखाली ठेवा, यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेल्याच दर्जाची. बोल्टऐवजी स्लिप क्लच, म्हणजे जास्त भार आला की घसरणारा क्लच, असेल तर हंगाम सुरू होण्याआधी तो सैल करून एकदा घसरवून पुन्हा कसा. पडून राहिला की प्लेटा गंजून चिकटतात आणि मग तो घसरतच नाही.

जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी

५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टचा सात सेंटीमीटर जाडीचा जोड दर सेकंदाला जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळतो. बाही अडकली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं तर नवीन बसवेपर्यंत यंत्र उभं ठेवा. खाली उतरायच्या आधी पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि पाती थांबेपर्यंत थांबा.

सीटमागची लोखंडी कमान, म्हणजे रोलबार, उभी आणि पट्टा लावलेला. दोन्ही एकत्रच कामाचे. पट्ट्याशिवाय कमान असली तर उलटताना माणूस कमानीखालीच फेकला जाऊ शकतो. कमान दुमडलेली असेल तर मात्र पट्टा लावू नका. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांवर असं संरक्षण १९५९ पासून सक्तीचं केलं आणि उलटून होणारे मृत्यू तिथे झपाट्याने घटले.

उतारावर आडवं न चालवता वर-खाली चालवा. चढ तीव्र असेल तर रिव्हर्समध्ये वर जा आणि पुढे तोंड करून उतरा. उतारावर न्यूट्रल कधीच नको, डाव्या-उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवलेले हवेत, आणि फोर व्हील ड्राइव्ह चालू ठेवा: बहुतेक छोट्या गाड्यांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि उतरताना नेमकं तिथलंच वजन कमी होतं. पक्क्या रस्त्यावर मात्र फोर व्हील ड्राइव्ह बंद करा. खुंट किंवा अडकलेली गाडी ओढायची तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढण्यासाठीच्या मागच्या पट्टीलाच. टॉप लिंकला किंवा सीटजवळ बांधली तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे पालथा होतो, आणि हे सगळं दीड-दोन सेकंदांत. मडगार्डवर मुलांना बसवून फेरी मारायची हौस तर अजिबात नको.

जाळी, ग्रीस आणि धार

मागे एक गाडी "इंजिन तापतं, बहुतेक हेड गेलं" असं सांगून आली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरसमोरच्या जाळीवर गवताच्या बियांचा आणि कुसळांचा घट्ट थर, बोटाने सोलला तर अख्खा पापुद्रा निघाला. हवेच्या दाबाने आतून बाहेरच्या दिशेने झटकली, आणि गाडी त्याच संध्याकाळी घरी गेली. उंच कोरडं गवत कापताना तासा-दोन तासांनी थांबून ही जाळी पुसा. सायलेन्सरभोवती साचलेलं गवतही काढा, ते पेटतं.

नव्या गाडीचं पहिलं ऑइल साधारण ५० तासांनी बदलायचं, पुढचं पुस्तिकेप्रमाणे. चाकांचे नट पहिल्या १० तासांनंतर पुन्हा कसा. मोअरचे स्पिंडल (पात्यांचे आस) आणि शाफ्टचे क्रॉस (वळणारे सांधे) दर ८-१० तासांनी ग्रीस मागतात. काम संपल्यावर संध्याकाळीच डिझेल भरून टाका. रिकाम्या टाकीत रात्री दमट हवेचं पाणी होतं.

स्लॅशरच्या पात्याला वस्तऱ्यासारखी धार काढू नका. पहिल्याच दगडाला ती दुमडते. साधारण दीड मिलिमीटर जाड कड ठेवायची. फिनिशिंग मोअरची पाती मात्र तीक्ष्ण हवीत, दोन्ही टोकं सारख्या वजनाची. एका खिळ्यावर मधोमध टांगून बघा. एक टोक खाली गेलं तर तिथलं थोडं आणखी घासा. तोल नसलेलं पातं थरथरून बेअरिंग खातं.

येताना फाटकाचं माप आणा आणि गवत सर्वांत माजलेलं असतानाचा एखादा फोटो. उतार असेल तर तोही फोटोत येऊ द्या.