पूर्वप्राथमिक वयातील कारक कौशल्ये आणि कार्यकारी क्षमता

तीन ते सहा वर्षांच्या वयात मुलांच्या हातापायांना वळण लागते, आणि त्याच काळात त्यांचा स्वतःवरचा ताबाही वाढतो. या दोन वाढींचे नाते हा बालविकासशास्त्रातला महत्त्वाचा अभ्यासविषय आहे. धावणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, चेंडू झेलणे ही स्थूल कारक, म्हणजे हालचालींची, कौशल्ये. मणी ओवणे, बटण लावणे, कात्री चालवणे ही सूक्ष्म. कार्यकारी क्षमता म्हणजे मनाला लगाम घालणाऱ्या शक्ती. त्या मुख्यतः तीन मानतात: उसळून येणारी कृती आवरणे (निग्रह), सूचना डोक्यात धरून काम करणे (कार्यरत स्मृती) आणि नियम बदलला की आपणही बदलणे (लवचीकता).

गोव्यातल्या एखाद्या बालवाडीत ‘चिमणी उड, कावळा उड’ हा खेळ रंगलेला असताना जवळ बसावे. बाई म्हणतात ‘पोपट उड’, सगळी बोटे वर जातात. ‘म्हैस उड’ म्हटले की साडेतीन वर्षांच्या मुलाचे बोट वर जातेच. म्हैस उडत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. विचारले तर तो हसत सांगतोही. पाच वर्षांच्या मुलीचे बोट मात्र जमिनीवरून सुटते आणि मध्येच थबकते. ते थबकणे म्हणजेच निग्रह. माहिती असणे आणि त्याप्रमाणे हात आवरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे एका बोटात दिसते.

मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांच्या पत्ते लावण्याच्या चाचणीतही हेच आढळते. आधी रंगाप्रमाणे पत्ते लावायला सांगून मग ‘आता आकाराप्रमाणे’ म्हटले, की तीन वर्षांची बरीच मुले नवा नियम तोंडाने बरोबर सांगतात, पण पत्ते जुन्याच नियमाने लावत राहतात. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हे साधते.

पण हालचाल आणि मनाचा लगाम यांचे नाते का असावे? मेंदूविकासाच्या अभ्यासक ॲडेल डायमंड यांनी 2000 साली मांडले, की हालचालींचे नियमन करणारा मेंदूचा मागचा भाग, अनुमस्तिष्क, आणि नियोजन सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग अनेकदा जोडीने काम करतात. विशेषतः काम नवे, अवघड किंवा बदलते असेल तेव्हा. म्हणूनच सवयीच्या धावण्यापेक्षा लंगडीसारखा खेळ मनाला अधिक कामाला लावतो, असे म्हणता येते: एका पायावर तोल सांभाळायचा, दुसरा पाय टेकू द्यायचा नाही आणि पळणाऱ्या गड्याने दिशा बदलली की आपणही वळायचे.

मात्र इथे सावध राहायला हवे. अभ्यासांत दिसणारा सहसंबंध बहुधा कमी ते मध्यम असतो, आणि कोणते कौशल्य कोणत्या क्षमतेशी जोडलेले आहे याबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. वय वाढले की दोन्ही वाढतात, त्यामुळे वयाचा परिणाम वेगळा काढावा लागतो. चेंडू झेलायला शिकवले म्हणजे लक्ष आपोआप एकाग्र होईल, असे पालकांना आश्वासन देणे चूक आहे. उलट दिशेचा प्रभावही संभवतो: ज्या मुलाला सूचना लक्षात ठेवता येते, तेच नवी हालचाल लवकर उचलते.

गोव्यात भाषेचा प्रश्नही येतो. घरी कोकणी आणि बालवाडीत मराठी ऐकणाऱ्या मुलाला ‘डोक्याला हात म्हटले की पायाला लाव’ अशी उलटी सूचना दिली, तर चाचणी निग्रहाची होते की मराठीची? सूचना मुलाच्या बोलीत देणे आणि आधी करून दाखवणे हाच यावर उपाय. याकडे दुर्लक्ष झाले तर हुशार मूल मागे पडल्याची खोटी नोंद होईल, आणि तो त्या मुलावर अन्याय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटे हालचाल सुचवली. त्यातली 60 मिनिटे दम लागेल अशी, आणि बसून स्क्रीन पाहणे एका तासाहून जास्त नको. जून ते सप्टेंबरच्या पावसात अंगण बंद होते, तेव्हा हे अवघड वाटते. पण फुगडी, सोप्यावरची (ओसरीवरची) लंगडी, काजूच्या बियांची नेमबाजी यांना मोठी जागा लागत नाही. बी जवळ मांडली की हाताचा जोर कमी करावा लागतो, लांब मांडली की वाढवावा लागतो. नेम चुकला तरी पाळी संपली म्हणून थांबावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तरीही चौथ्या वर्षीच पाटीवर ‘अ, आ’ गिरवून घेण्याची घाई अनेक घरांत असते. बोटांत अजून पेन्सिल पेलण्याचे बळ नसलेल्या मुलाचे सारे लक्ष ती धरण्यातच खर्च होते, अक्षराच्या वळणासाठी काही उरत नाही.