वाघाला झाडावर चढता येते
मावशी मांजरीने वाघाला सगळे शिकवले, झाडावर चढणे तेवढे राखून ठेवले, ही गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत आजही सांगितली जाते आणि पहाटे मोहफुले वेचायला जाणारा माणूस झाडाला आसरा समजतो. हा समज चुकीचा आणि जिवाशी खेळणारा आहे. वाघाची नखे मांजरीसारखीच आत ओढली जाणारी, आकड्यासारखी वाकडी असतात; ती सालीत रुतवून बछडे सहज वर जातात. पूर्ण वाढलेला नर 200 किलोंच्या आसपास भरतो, म्हणून तो क्वचितच चढतो, पण चढू शकतो. बिबट तर तोंडात शिकार धरून चढतो. खोडावर पुरुषभर उंचीवर दिसणारे उभे ओरखडे हे फसलेल्या चढाईचे नसून वाघाने आपल्या हद्दीची केलेली खूण असतात.